बापूस, वडील आणि फादर

नोकरीला लागून तिसरं वर्ष असेल. जूनचा शेवटचा आठवडा, बाहेर पावसाची झड आणि शाळेच्या कौलांवरून पागोळ्यांच्या धारा. आठवीच्या वह्यांचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी घरी आणला होता. निबंधाचा विषय दिला होता ‘माय फादर’. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या पोरांचे वडील त्या दिवसांत घरीच. पडवीत बसून जाळी दुरुस्त करणारा बाप समोर दिसत असताना त्याच्यावर चार वाक्यं लिहिणं जड जाणार नाही, असा माझा हिशेब.

एका मुलाच्या वहीत सहा वाक्यं होती. ‘माय फादर आर फिशरमन. दे गो टू सी ॲट नाइट. दे आर व्हेरी स्ट्राँग. दे नो ऑल फिशेस. माय मदर सेल फिशेस इन मार्केट. शी इज ऑल्सो स्ट्राँग.’

मी लाल पेन घेतलं. पहिलं ‘आर’ खोडून ‘इज अ’ केलं, दुसरं खोडून नुसतं ‘इज’. तिन्ही ‘दे’ खोडून ‘ही’ केले. ‘गो’चं ‘गोज’, ‘नो’चं ‘नोज’, ‘सेल’चं ‘सेल्स’. ‘फिशेस’चं शेपूट दोन्ही ठिकाणी छाटलं. ‘मार्केट’च्या आधी ‘द’ घातला आणि तोच हात पुढे चालवून ‘सी’च्या आधीही घातला. शेवटच्या वाक्याला मात्र काही करावं लागलं नाही. दहापैकी तीन गुण.

दुसऱ्या दिवशी वही हातात पडल्यावर तो खाली बसेना. म्हणाला, ‘बाई, गेल्या वर्षी मराठीच्या निबंधात मी “माझा बाबा” लिहिलं होतं, “तो होडीवर जातो” लिहिलं होतं. सरांनी सगळं खोडलं. वडिलांना एकेरी लिहायचं नाही म्हणाले. माझे बाबा, ते जातात, असं लिहून घेतलं. आता तुम्ही परत एकेरी केलंत.’

‘इंग्लिशमध्ये तसंच असतं,’ मी म्हटलं आणि पुढची वही उघडली.

ते उत्तर नव्हतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या मुलाला ते कळलं. वर्षभर त्यानं इंग्रजीत स्वतःचं म्हणून एकही वाक्य लिहिलं नाही. निबंध आला की गाइडातला पाठ करून उतरवायचा. त्यात चूक नसायची, मी बरोबरची खूण करायचे, आणि त्या खुणेची मला आज लाल रेघांपेक्षा जास्त खंत वाटते.

त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायला मला काही वर्षं लागली, आणि ते इंग्रजीच्या व्याकरणात सापडलं नाही. ते मालवणीत होतं. मालवणीत बाप एकेरीच. ‘बापूस इलो’, ‘बापूस दर्यात गेलो’. घरात मूल हेच ऐकतं, हेच बोलतं. शाळेत येतं तेव्हा हा ‘गेलो’ पहिल्यांदा अडतो, कारण प्रमाण मराठीत ‘गेलो’ फक्त ‘मी’ किंवा ‘आम्ही’बरोबर येतो. मालवणीतलं ‘तो गेलो’ तिथे चूक ठरतं. मग ‘तो गेला’ शिकायचं, आणि ते बसतंय तोवर वडिलांसाठी ‘ते गेले’ शिकायचं. म्हणजे शाळेतली मराठीसुद्धा आमच्या पोरांना मिळते ती शिकून मिळालेली भाषा असते. घरी ‘बापूस गेलो’, एका तासाला ‘वडील गेले’ आणि त्याच्या पुढच्या तासाला ‘फादर गोज’. माणूस एकच. त्या पोरानं मधली पायरी अगदी मनापासून पाठ केली होती, म्हणून तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय घसरला.

शेवटचं वाक्य बिनचूक का आलं होतं, तेही मग उलगडलं. आईला मराठीत एकेरीच म्हणतात. आई जाते, आई विकते, आई दमते. घरात एकेरी, मराठीच्या वहीत एकेरी, इंग्रजीतही एकेरी. त्यामुळे आईचं ‘शी इज’ सरळ आलं. ‘सेल’ला ‘एस’ लावायचं राहिलं हे वेगळं. ते ‘एस’ कोणत्याही घरातल्या मुलाकडून राहतं.

पुढे एम.ए. करताना भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांचं लेखन वाचनात आलं. शिकणाऱ्याच्या चुकांकडे कसं बघावं हे त्यांनी १९६७ साली मांडलं होतं. घाईत किंवा थकव्यानं होणारी चूक आणि आतल्या नियमातून येणारी चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं ते म्हणतात. पहिली दाखवली की मूल स्वतःच दुरुस्त करतं. दुसरी दाखवली तरी त्याला दिसत नाही, कारण त्याच्या लेखी ते बरोबरच असतं. त्यानं एक नियम धरलेला असतो आणि तो इमानानं पाळलेला असतो. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. आपली भाषा आणि शिकायची भाषा यांच्या मधे मूल एक तिसरीच भाषा रचत जातं, तिला तिचे स्वतःचे नियम असतात, असं त्यांचं म्हणणं. मराठीत तिला अंतरभाषा म्हणता येईल. हे वाचलं त्या रात्री मला ते सहा ओळींचं पान आठवलं. ‘माय फादर आर’ ही घाईतली चूक नव्हती. त्यामागे नियम होता आणि तो आम्हीच शिकवलेला होता.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. चुकीचं इंग्रजी वाक्य दिसलं की पेन खाली ठेवायचं आणि ते वाक्य उलटं मराठीत नेऊन बघायचं. दहापैकी सात वेळा तिथे एक धडधाकट मराठी वाक्य उभं असतं.

एका मुलीच्या वहीत लागोपाठ दोन वाक्यं होती: ‘ही हॅज वन ब्रदर. ही हॅव टू सिस्टर्स.’ एकात ‘हॅज’, दुसऱ्यात ‘हॅव’. आधी वाटलं अंदाजपंचे लिहिलंय. मग मराठीत नेलं. त्याला एक भाऊ आहे. त्याला दोन बहिणी आहेत. मराठीत इथे क्रियापद ‘त्याला’कडे बघतच नाही, भाऊ एक म्हणून ‘आहे’, बहिणी दोन म्हणून ‘आहेत’. पोरीनं बहिणी मोजल्या आणि ‘हॅव’ लिहिलं. भूतकाळात तर आपली सकर्मक क्रियापदं अशीच कर्माच्या मागे मागे जातात. तिनं भाकऱ्या भाजल्या, भात केला, आमटी केली, कालवण केलं. करणारी एकच बाई, पण क्रियापद दर पदार्थागणिक लिंग-वचन बदलतं. ज्या मुलाच्या कानात जन्मापासून हे भरलेलं आहे त्याला ‘कर्त्याप्रमाणे क्रियापद चालते’ एवढंच फळ्यावर लिहून देणं पुरेसं नाही. आधी मराठीत काय होतं ते दाखवावं लागतं, मग इंग्रजीत ते कसं होत नाही ते. त्या मुलीला मी भाकरी-भाताचीच वाक्यं फळ्यावर लिहून दाखवली. ती म्हणाली, ‘म्हणजे इंग्लिशमध्ये भाकऱ्या कितीबी असू देत, बाईकडंच बघायचं.’ तिचं आजोळ घाटावरचं, बोली तिकडची. पण मुद्दा तिनं माझ्यापेक्षा नेमका पकडला होता.

‘ही डिड नॉट वेंट’ ही चूक तर मराठी माध्यमाच्या प्रत्येक वर्गात सापडेल. शिक्षक म्हणतात, शंभर वेळा सांगितलं, ‘डिड’नंतर मूळ क्रियापद. मूल शंभर वेळा ऐकतं आणि एकशे एकाव्यांदा ‘वेंट’ लिहितं. का? आपण म्हणतो ‘तो गेला नाही’. भूतकाळ कुठे आहे? ‘गेला’मध्ये. ‘नाही’ तसंच्या तसं. मराठीत नकार आला तरी भूतकाळ क्रियापदातच राहतो. इंग्रजीत नकार आला की ‘डिड’ येतो आणि भूतकाळ स्वतःकडे घेतो. वर्गात मी बाजारात जाणाऱ्या बाईची पाटी सांगते. पाटी एक, डोकी दोन. ‘डिड’नं पाटी घेतली, आता ‘वेंट’च्या डोक्यावर ती कशी राहील? ‘गो’ रिकाम्या डोक्यानं चालू दे. मासळीच्या पाटीमागून चालत मोठ्या झालेल्या पोरांना हे एकदा सांगितलं की पुरतं. निदान निम्म्यांना तरी.

‘दहा वर्षांपासून मी इथे राहतो’ हे वाक्य मराठीत इतकं चोख आहे की ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ लिहिणाऱ्याला आपण चुकतोय अशी शंकासुद्धा येत नाही. ‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’ हे त्याला कुणीतरी लहानपणी शब्दार्थ म्हणून सांगितलेलं असतं. पण मराठीतलं ‘पासून’ दोन कामं करतं. ‘गणपतीपासून’ म्हटलं तर कधी सुरू झालं ते कळतं, ‘दहा वर्षांपासून’ म्हटलं तर किती काळ लोटला ते. इंग्रजीनं ही कामं वाटून दिली आहेत: पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. शिवाय आपण ‘राहतो’ म्हणजे वर्तमानकाळ वापरतो, ते ‘हॅव लिव्ह्ड’ म्हणतात. एका वाक्यात दोन वळणं आणि दोन्ही आंधळी.

तसंच ‘दो... बट’चं. मराठीला जोडीनं चालायची सवय आहे. जेव्हा म्हटलं की तेव्हा, जसं म्हटलं की तसं, जिथे तिथे, जो तो, जरी तरी. एक शब्द पुढे टाकला की त्याचा जोडीदार मागून यायलाच हवा, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. म्हणून ‘दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट’. म्हणून ‘बिकॉज आय वॉज इल, सो आय डिड नॉट कम’. मुलाला इंग्रजी वाक्य लंगडं सोडवत नाही. त्यानं जोडीदार आणून उभा केलेला असतो. मी त्याला एवढंच सांगते की या घरात दोघांपैकी एकानंच यायचं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘लागणे’पाशी. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, डोळा लागतो. झाडाला आंबे लागतात, होडी किनाऱ्याला लागते, यायला वेळ लागतो, त्याला पैसे लागतात. मे महिन्याची सुट्टी लागते, दहावीचा निकाल लागतो, मग कुणी नोकरीला लागतं. एवढा राबणारा शब्द इंग्रजीत नाही. तिथे प्रत्येक ठिकाणी नवा गडी घ्यावा लागतो. एका मुलीनं रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘द बस इज टचिंग मी.’ फोंडा घाटातून आजोळाहून येताना तिला गाडी लागायची, त्यामुळे सोमवारची शाळा बुडायची. बिचारीनं शब्दकोशात ‘लागणे’ काढून पाहिलं होतं. पहिला अर्थ मिळाला तो घेतला होता. अर्ज वर्गात वाचला असता तर वर्ग हसला असता. मी वाचला नाही. तिला जवळ बसवून आम्ही दोघींनी एका पानावर ‘लागणे’ची वीसेक वाक्यं मराठीत लिहिली आणि प्रत्येकापुढे विचारत गेलो, इथे नक्की काय झालं? आंबे लागले म्हणजे झाडावर आले. ठेच लागली म्हणजे पाय अडखळला, दुखलं. गाडी लागली म्हणजे मळमळलं, उलटी झाली. आधी मराठीतून मराठीत न्यायचं, मग इंग्रजीत. शब्दाऐवजी घटना पकडली की इंग्रजी क्रियापद सापडायला सोपं जातं. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

सगळ्याच चुका सारख्या मोलाच्या नसतात, असंही माझं मत झालंय. ‘हर हेअर्स आर लाँग’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काही वेगळं कळत नाही. आपण केस अनेकवचनी म्हणतो म्हणून ते झालं. ‘इन्फर्मेशन्स’ लिहिणाऱ्याला मी फक्त विचारते, ‘माहित्या’ म्हणतोस का रे? लगेच कळतं. ‘फिश’चं तर अगदी सोपं. आपण ‘मासे’ म्हणतो तसं ‘मासळी’ही म्हणतो. मासळी आली, मासळी महागली. कितीही पाट्या असल्या तरी मासळी एकच. ‘फिश’ म्हणजे मासळी हे मी त्या पहिल्या वर्षांत सांगितलं असतं तर शेपटं छाटत बसावं लागलं नसतं. याउलट ‘आय लीव्ह इन मालवण’ ही दिसायला बारीक पण अर्थ बुडवणारी चूक. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसं बघत नाही, कारण मराठीत ‘इ’ आखूड की लांब यावर सहसा अर्थ ठरत नाही. इंग्रजीत त्या एका लांबीवर राहणं आणि सोडून जाणं ठरतं. तिथे मी पेन सोडत नाही. कॅपिटल अक्षरांचं काय सांगू, देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाहीच, तेव्हा मालवणचं पहिलं अक्षर लहान राहिलं तर ती लिपीची सवय. एका वर्षाच्या सरावानं जाते. आणि विरामचिन्हं तर मराठीनंही इंग्रजीकडून घेतलेली आहेत, त्यासाठी इंग्रज कोशकार मेजर कँडी यांचं नाव घेतलं जातं. तेव्हा स्वल्पविराम कुठे द्यावा यावरून मुलांवर फार ओरडू नये.

देवनागरीचा एक फायदा मात्र मला उशिरा उमगला. ‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवताना मुलं स्पेलिंगमधल्या पहिल्या अक्षराकडे बघतात आणि ‘अ अवर’, ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहितात. मी सांगते, शब्द आधी देवनागरीत लिहा. ‘अवर’: पहिलं अक्षर स्वर, तेव्हा ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’: पहिलं ‘य’, व्यंजन, तेव्हा ‘अ’. ‘वन-वे रोड’ला ‘अ’, कारण ‘व’. ‘एम.ए.’ला ‘ॲन’, कारण ‘ए’. इंग्रजी स्पेलिंग जे लपवतं ते आपली मुळाक्षरं उघड करून दाखवतात. ज्या मुलांना वाटत असतं की आपली लिपी म्हणजे इंग्रजीच्या वाटेतली धोंड, त्यांचे चेहरे हा नियम जमल्यावर बघावेत.

‘द’चं प्रकरण एवढ्यात आटपत नाही. तो कधी द्यायचा हे मुलांना सांगता सांगता एक दिवस मलाच माझी चूक सापडली. वाचताना एक वाक्य आलं, कुणीतरी तरुणपणी ‘वेंट टू सी’. ‘द’ नाही. शोधलं तेव्हा कळलं: ‘गो टू द सी’ म्हणजे समुद्रावर जाणं, फिरायला, वाळूत बसायला. ‘गो टू सी’ म्हणजे दर्यावर्दी म्हणून समुद्रात जाणं, कामाला. शाळेत शिकायला जाणारा ‘टू स्कूल’ जातो आणि फीची चौकशी करायला जाणारा पालक ‘टू द स्कूल’, त्यातलाच हा प्रकार. आपल्याकडे हाच फरक प्रत्ययानं होतो. पाहुणे समुद्रावर जातात. तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, समुद्रात जातो. ‘दे गो टू सी ॲट नाइट.’ सहा वाक्यांमधली ती जागा त्या मुलानं बरोबर लिहिली होती, भले ‘द’ विसरून लिहिली असेल. बापाच्या धंद्याला शोभेल असंच ते वाक्य होतं. मी त्यात ‘द’ घालून बापाला रात्रीच्या वेळी चौपाटीवर फिरायला पाठवलं होतं, आणि वर गुण कापले होते.

देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले आमच्यापासून फार लांब नाही. बाळशास्त्री जांभेकर तिथले. १८१२ सालचा जन्म, आणि ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे, पत्रकार दिन त्याच तारखेला असतो. पण ‘दर्पण’ नुसतं मराठी नव्हतं. एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी, असं ते निघायचं. मुलांना सहलीला पोंभुर्ल्याला नेलं होतं तेव्हा स्मारकापाशी उभं राहून मी हे सांगितलं आणि सांगता सांगताच डोक्यात आलं की हे पान आपल्या वर्गात का नको? त्या वर्षीपासून आमच्या निबंधाच्या वहीचं पान उभं दुमडलेलं असतं. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी. कुणाला डावीकडे मालवणी लिहायची असेल तर मालवणी. मी दोन्ही बाजू वाचते. उजवीकडची चूक डावीकडे लगेच दिसते. ‘दे’ का आला, ‘सिन्स’ का आला, सगळं समोरासमोर. आणि एक लक्षात आलंय. डावी बाजू जेवढी मोकळी, तेवढी उजवीही हळूहळू मोकळी होते. जो मुलगा डावीकडेही ‘माझे वडील फार कष्टाळू आहेत’ एवढंच पाठ केलेलं लिहितो, त्याची उजवी बाजू बिनचूक असूनही मला काळजी वाटते.

हे पालकांना पटवणं सोपं नाही. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी मराठी शाळेतलं मूल पाचवीत एबीसीडी गिरवायचं. पालकांना वाटतं, आता पहिलीपासून आहे, मग चुका कशा? मालवणी तर त्यांना वहीत दिसायलाच नको असते. एका आईनं मला विचारलं, ‘बाई, ह्या आमका घराक येताच, शाळेत कित्याक?’ मी तिला मुलाच्या वहीची दोन्ही बाजू दाखवली. ती डावी बाजू वाचत बराच वेळ उभी होती. तिच्या सासूनं पेज कशी दिली आणि त्यासोबत लोणच्याची फोड कशी लपवून दिली, ते तिथे लिहिलेलं होतं. उजवीकडे तेच, मोडकंतोडकं. तिनं पुढे काही विचारलं नाही. निकालाच्या आकड्यांचं म्हणाल, तर दहावीच्या टक्केवारीत आमचा रत्नागिरी-सिंधुदुर्गचा कोकण विभाग राज्यात वर्षानुवर्षं पहिला येतो. मला त्याचा आनंद आहे. पण उत्तीर्ण झालेली त्यातली किती पोरं, पाठ न केलेली चार वाक्यं इंग्रजीत लिहितील, हे त्या आकड्यात येत नाही.

आणि ती चार वाक्यं आता इथे रोज लागतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. आज तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात घरोघरी राहायची सोय आहे, होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात, आणि पाहुणे फक्त मराठी बोलणारे नसतात. बुकिंगच्या निरोपांना, खोलीतल्या सूचनांना, दारावरच्या फलकाला गाइडात उत्तर नसतं.

गेल्या दिवाळीच्या आधी मोबाइलवर एक फोटो आला. कागदावर पेनानं लिहिलेला मजकूर. ‘बाई, बोर्ड रंगवूक देतंय, वायच बघशात?’ वर दोन ओळी इंग्रजीत: ‘माय फादर टेक यू टू सी. दे नो ऑल रॉक.’ नाव बघायची गरज पडली नाही.

मी ‘टेक’च्या आधी ‘विल’ घातलं. ‘ऑल रॉक’चं ‘एव्हरी रॉक’ केलं. ‘टू सी’च्या आधी ‘आउट’ घातलं आणि ‘द’ घातला नाही. मग ‘दे’पाशी थांबले. इतक्या वर्षांनी उत्तर द्यायची वेळ आली होती, म्हणून लिहिण्याऐवजी फोन केला. त्याला सांगितलं की मराठी वडिलांचा मान क्रियापदात ठेवते, ‘जातात’, ‘आले’, ‘म्हणाले’. इंग्रजीत तो तिथे ठेवायला जागा नाही, तिथे ‘दे’ म्हटलं की चारपाच बाप होतात. मान ठेवायचा तर दुसरीकडे ठेवावा लागतो. त्यांनी काय केलं ते सांगून. मालवणच्या बंदरात शिरतानाचे पाण्याखालचे खडक ज्याला ठाऊक असतात, त्याच्याबद्दल तेवढंच लिहिलं तरी मान राहतो.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बाई, “ही” चलात मां? बापूस आता म्हातारो झालो हा.’

म्हटलं, चालेल. आणि किती वर्षं तांडेल होते ते लिही. तो म्हणाला चाळीस. ‘सिन्स की फॉर?’ मी विचारलं. पलीकडून उत्तर यायला क्षणही लागला नाही, ‘फॉर, बाई.’ तांडेलाला इंग्रजीत काय म्हणायचं असं त्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, तांडेलच लिही. विचारतील पाहुणे, तेव्हा तुझे बाबा सांगतील.

चार दिवसांनी दुसरा फोटो आला. माडाला ठोकलेली निळी पाटी, पांढरी अक्षरं, मागे होडीचं नाळ दिसतंय. ‘माय फादर विल टेक यू आउट टू सी. ही हॅज बीन अ तांडेल फॉर फॉर्टी इयर्स. ही नोज एव्हरी रॉक.’ पाटीखाली लुंगी आणि बनियनमध्ये एक म्हातारा उभा, हात मागे बांधून.

खाली एवढंच लिहिलं होतं, ‘बाई, बोर्ड लागलो.’